निपाणी-कोल्हापूर एकच धरून केलेल्या जीएसटी नोंदणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : निपाणी (जि. बेळगाव) येथील माझ्या मसाला उद्योगाची जीएसटी नोंदणी चुकीच्या प्रकारात केल्याबाबत व ‘शासकीय शुल्क’ म्हणून घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

घरगुती कांदा-लसूण मसाला तयार करून विकण्याचा उद्योग सुरू करण्यासाठी लागणाऱ्या सर्व नोंदण्या करून देण्याचे काम मी मार्च महिन्यात आपल्या कंपनीकडे सोपवले आणि त्यापोटी ७,४९९ रुपये आगाऊ भरले. त्या कामात झालेल्या चुकीमुळे माझा तयार माल आज घरात पडून आहे.

माझे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक कोल्हापूर आणि गडहिंग्लजचे आहे, हे मी आपल्या प्रतिनिधीला पहिल्याच फोनवर सांगितले होते. नोंदणीची गरजही त्यामुळेच होती. केवळ कर्नाटकात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, आणि माझी उलाढाल त्याच्या जवळपासही जाणारी नाही. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाल्यास कायद्याच्या कलम २४ नुसार उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. असे असताना अर्ज भरताना आपण मला न विचारता कंपोझिशन योजनेचा (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेचा) पर्याय निवडलात. या योजनेत उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का कर भरून मोकळे होता येते हे खरे, पण राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणजे ज्या एका कामासाठी नोंदणी घेतली, नेमके तेच काम करण्यास तिने मला मनाई केली. नुसत्या निपाणी-चिकोडीत मसाला विकायचा असता तर मी आपल्याकडे आलेच नसते.

हे माझ्या लक्षात आले ते कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत. तेथील व्यापाऱ्याने मसाल्याचे पाकीट फोडून वास घेतला, मिरची संकेश्वरी की ब्याडगी हे विचारले, भावही ठरला, मग त्यांनी चष्मा लावून प्रमाणपत्र वाचले आणि नोंदणीच्या प्रकारावर बोट ठेवून म्हणाले, “वहिनी, ह्या नंबरावर तुम्हाला आमच्याकडं माल देताच येत नाही.” चाळीस किलो मसाला मी त्याच एसटीने परत आणला.

याबाबत विचारणा केली असता आपल्या प्रतिनिधीने दिलेले उत्तर असे : “मॅडम, निपाणी-कोल्हापूर एकच की, कंपोझिशनला काय हरकत?” आम्हा सीमाभागातल्या लोकांच्या मनाला ते वाक्य गोडच वाटेल; परंतु कर मनावर नव्हे, राज्याच्या हद्दीवर आकारला जातो. माझा जीएसटी क्रमांक कर्नाटकाच्या २९ ने सुरू होतो आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा महाराष्ट्राच्या २७ ने, हे अर्ज भरणाऱ्याला दिसायला हवे होते. हीच चूक पुढे दुकान नोंदणीतही झाली. मी मराठीत बोलते म्हणून आपण महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याखालचा अर्ज भरायला घेतलात. निपाणीला कर्नाटकाचा १९६१ चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा लागू होतो, हे शेवटी मीच आपल्याला कळवले.

पैशांबाबतही माझा स्पष्ट आक्षेप आहे. आपल्या बिलात जीएसटी व उद्यम (लघुउद्योग) नोंदणीचे ‘शासकीय शुल्क’ म्हणून १,५०० रुपये दाखवले आहेत. या दोन्ही नोंदण्यांना सरकार एक रुपयाही घेत नाही. आपण आपल्या मेहनतीचे पैसे घ्यावेत, त्याला माझी ना नाही. ते सरकारच्या नावावर घेऊ नयेत.

याहून गंभीर बाब म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपण माझ्याऐवजी कंपनीचाच मोबाइल क्रमांक व ई-मेल नोंदवला आहे. पासवर्ड आपल्याकडे, ओटीपीही आपल्याकडेच येतो. त्यामुळे योजनेतून बाहेर पडण्याचा सीएमपी-०४ अर्ज मला स्वतःहून भरता येत नाही, आणि माझ्या नावावर आलेली एखादी नोटीसही मला कळणार नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत पोर्टलवर माझा मोबाइल क्रमांक व ई-मेल नोंदवून पासवर्ड माझ्या ताब्यात द्यावा, सीएमपी-०४ अर्ज विनामूल्य भरून द्यावा, तसेच शिल्लक मिरची व इतर कच्च्या मालावर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळवण्यासाठीचा आयटीसी-०१ अर्ज ३० दिवसांच्या मुदतीत दाखल करावा. ती मुदत आपल्या दिरंगाईने हुकल्यास होणारे नुकसान आपण भरून द्यावे. १,५०० रुपये माझ्या बँक खात्यावर परत करावेत.

या मुदतीत कार्यवाही न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. हा उद्योग माझ्या स्वयंरोजगाराचा असल्याने मी त्या कायद्याखाली ग्राहक ठरते, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करता येत असल्याने मला आपल्या शहरापर्यंत यावे लागणार नाही. बिलाची व नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, निपाणी