कंडेन्सर मोजायचा डबा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

कंडेन्सर (कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग) किती मायक्रोफॅरडचा आहे ते मोजणाऱ्या कपॅसिटन्स मीटरला पैसे हवेत म्हणालीस, ते पाठवतोच. पण आधी पार्सलमधला डबा वापर. तुझी शाळेतली कंपासपेटीच आहे. आत ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रेझिस्टर, एक बटण आणि दोन क्लिपा, बस.

कंडेन्सर आधी पूर्ण डिस्चार्ज कर. मग पट्टीची (मायनस) बाजू काळ्या क्लिपला, व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरचे प्रोब कंडेन्सरच्याच पायांवर. बटण आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एकदमच दाब. बॅटरीच्या ६३ टक्के, म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट, यायला किती सेकंद लागले ते बघ. एक सेकंद म्हणजे १०० मायक्रोफॅरड. १००० चा कंडेन्सर १० सेकंद घेईल. आठ ते बारा आले तरी चांगलाच, कारण यांना २० टक्के कमी-जास्त चालतं. ६.३ व्होल्टवाला मात्र याला लावू नकोस.

१० किलोओहमच का, हे सांगायचंय. आधी मी १ लाख ओहम लावला होता. जो कंडेन्सर लावावा तो ८.२ व्होल्टला अडकायचा, पुढे हलायचाच नाही. मला वाटलं, लीक आहेत, आतून करंट निसटतोय. चौदा कंडेन्सर टाकून दिले गं, सगळे चांगले! रात्री झोप येईना म्हणून उठून नुसतंच मीटर लावलं, कंडेन्सर न लावता. तरी ८.२! आपल्या पिवळ्या मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० लाख ओहम. करंट तेच खात होतं. १० किलोओहम लावल्यावर आकडा ८.९ ला गेला. विकतच्या मीटरवर नुसता आकडा दिसला असता आणि मी तो खरा धरला असता. म्हणून हट्टाने सांगतोय, एक तरी स्वतः बनव.

१० मायक्रोफॅरडचा यावर मोजता येणार नाही, बोट दाबेपर्यंत भरून जातो. ईएसआर, म्हणजे कंडेन्सरचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स, तोही कळत नाही. सुकलेला कंडेन्सर कधीकधी मायक्रोफॅरड बरोबर दाखवतो आणि अ‍ॅडॅप्टर तरी चालत नाही. त्याला १०० किलोहर्ट्झवर तपासावं लागतं. ते दिवाळीत बसून करू.

आणि अ‍ॅडॅप्टर उघडलास तर मोठ्या कंडेन्सरमध्ये ३२५ व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही. आधी मीटरने बघ, मगच हात लाव. यात घाई केलेली मला चालणार नाही.

पुडीत १००० चे चार कंडेन्सर आहेत. त्यातला एक खराब आहे, कोणता ते सांगत नाही. चौघांचे सेकंद कळव.

तुझा,
बाबा