मेंढरू, कुटार आणि रात्रीची लाईन

२६ डिसेंबर २०२४

प्रिय गजा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी वावरात मोटरपाशी उभा होतो, म्हणून "सारं बरं आहे" इतकंच बोलून ठेवून दिला. राग मानू नको. त्याच रात्री आम्ही अख्खं घर नाताळाला जाऊन आलो होतो, ते तुला सांगायचंच राहिलं.

सिस्टरबाई आठवतात ना? उमरीच्या मिशन दवाखान्यातून रिटायर झालेल्या, आता शेजारच्या गावात राहतात त्या. माझी नाळ त्यांच्याच हातची. दरवर्षी बोलावतात आणि दरवर्षी आई काहीतरी कारण काढते. यंदा म्हणे, "मार्गशीर्ष हाय, तेथी मटन असंन, मी काई येत नाई बाप्पा." पण आमचं पोट्टं नाटकात मेंढरू होणार होतं. नातवापुढे मार्गशीर्षाचं काय चालणार! तुरीच्या शेंगांचा वानोळा बांधून सगळ्यांच्या आधी तीच छोट्या हत्तीत बसली.

मेंढराची लोकर म्हणजे आपलाच कापूस, बनियनवर डिंकानं चिकटवलेला. यंदाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१, व्यापारी तेवढाही देत नाही. म्हटलं, निदान पोराच्या अंगावर तरी शोभू दे.

चर्चच्या पटांगणात गोठा केला होता. आईनं गव्हाण पाहिली आणि तिथंच अडली. बाळाखाली ज्वारीचा कडबा टाकलेला! "धसकटं टोचतीन ना लेकराले! कुटार टाका खालून." पुतळा आहे हो, असं कोणीतरी म्हटलं. आईनं ऐकलं नाही. शेवटी सिस्टरबाईंनी एका पोराला पिटाळून टोपलंभर कुटार आणवलं आणि आईनं स्वतः बिछाना केला. मग कार्यक्रम सुरू.

पेटी, ढोलकी, टाळ. बाबा थोडे चक्रावलेच, त्यांना वाटलं होतं इंग्रजी गाणी असतील. पाळकसाहेबांनी सांगितलं, हे भजन रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या साहेबानं त्यांना नवा करार दिला आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यवतमाळचं बायबल कॉलेज तर तुला माहीतच आहे. १९८३ साली तेही उठून पुण्याला गेलं. तुम्ही सारे तिकडंच जाता लेकहो!

नंतर वाचन झालं. मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते, तेव्हा देवदूतानं येऊन त्यांना बातमी दिली. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "म्हंजे जागलीवर होते म्हना!" त्यानंतर ते एकदम सावरून बसले. दोन महिने झाले, रानडुकरं आणि रोह्यांपायी त्यांची एक रात्र घरात गेलेली नाही. इतका वेळ घड्याळ बघत होते, कारण या आठवड्यात थ्री फेज रात्री दहाला येते आणि हरभऱ्याचं ओलीत बाकी आहे.

नाटकाचं काय सांगू! आमचं मेंढरू स्टेजवर शिंकलं आणि कापूस उडाला, एवढंच. जेवणात वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. सिस्टरबाईंनी आईसाठी वेगळी चूल मांडली होती. आईनं आधी ती चूल पाहून घेतली, मग पोटभर जेवली. निघताना करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा मिळाला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, त्यामुळे आता संक्रांतीला आमचे तिळगूळ तिकडे जाणार.

साडेनऊला निघालो. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. बाबा वावराच्या धुऱ्यावरच उतरले, मीही उतरलो. पोट्टं गाडीतून वाकून विचारतं, "आबाजी, मेंढपाळ सारे बाळाले पाहाले गेले, तं मेंढरं कोन राखली?"

बाबांनी कानाला मफलर गुंडाळला, टॉर्च घेतला. म्हणाले, "एक जन तरी मांगं रायला असंन." आणि मचाणाकडे चालू लागले.

मी मोटरकडे गेलो आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. वहिनींना नमस्कार. संक्रांतीला येतोस का, ते कळव.

तुझा,
बंडू