नावं विचारायची राहिली

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली आणि आम्ही सांगलीच्या गावभागात माडीवर अडकलेलो. होडी आली तेव्हा मी आधी लेकीच्या चित्रांच्या पुस्तकांचं पोतं पुढे केलं. "अहो, कागदपत्रं!" बायको ओरडली. (कागदपत्रं राहिलीच. अजून ऐकतोय.) होडीतली पोरं मात्र म्हणाली, "द्या हिकडं, बसतंय की!"

चढताना पोतं निम्मं भिजलं. निवाऱ्याच्या शाळेत छापखान्यातले एक मामा भेटले. आर्ट पेपर, म्हणजे चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत कागद, भिजून तसाच वाळला की पानं कायमची चिकटतात, ओली असतानाच सोडवायची, हे त्यांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रात्री दोनपर्यंत मांडी घालून पानापानात रद्दी सारत बसले. त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं.

लेकीसाठी मी लिहिलेल्या गोष्टींची वहीही त्या पोत्यात होती. शाई सगळी फिसकटली, पेन्सिलीतला हत्ती तेवढा वाचला. त्याची गोष्ट आता लेकच दर वेळी नवी सांगते.

पोरांनो, मामा, मनापासून आभार. आणि मामा, तुमचा चष्मा आमच्या पोत्यात आला होता. जपून ठेवलाय.