ल माँची रेस बघून रविवारी रात्री गाडी चालवू नका

संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत युरोपात जाऊन मोटर रेसिंग कसं बघायचं यावर लेख आला होता, छान होता, तिकिटं कधी काढायची, कुठल्या स्टँडवरून काय दिसतं, तंबू कुठे टाकायचा सगळं होतं, पण परत घरी कसं यायचं यावर एक ओळ नव्हती. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि तीनदा स्वतःची गाडी घेऊन फ्रान्सला ल माँच्या २४ तासांच्या रेसला जाऊन आलोय. त्या अख्ख्या वीकएंडमधला सगळ्यात धोक्याचा भाग परतीचा रस्ता असतो, म्हणून हे पत्र.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगतो. रेस शनिवारी दुपारी ४ ला सुरू होते, रविवारी ४ ला संपते. आम्ही दोघं मित्र रात्रभर जागलो, कारण खरी रेस रात्रीच बघायची असते, ब्रेकच्या डिस्क लालभडक होऊन चमकत असतात आणि तेव्हा झोपायला कोणाला सुचणार. पहाटे खुर्चीत बसल्या बसल्या तासभर डोळा लागला असेल तेवढाच. सोमवारी ऑफिस होतं म्हणून रविवारी रात्रीचीच, कॅलेहून इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून गाड्या इंग्लंडला नेणारी शटल ट्रेन बुक केलेली. ल माँ ते कॅले साधारण ४२० किमी, मॅपवर साडेचार तास दिसतात, वाटलं आरामात पोचू. पण तीन लाखांवर माणसं एकाच वेळी घरी निघतात, नुसतं पार्किंगमधून बाहेर पडायलाच आम्हाला दोन तासाच्या वर लागले, मग शटल चुकेल म्हणून कुठेही न थांबता दामटत निघालो. ए२८ मोटरवेवर रूआँ शहराच्या पुढे कधीतरी कडेच्या पट्ट्यावरून चाक गेल्याचा घर्रर्र आवाज आला आणि मी दचकून जागा झालो. म्हणजे मी झोपलो होतो, ताशी ११०-१२० ने गाडी चालवत असताना, शेजारी मित्रही गाढ झोपलेला. तो आवाज आजही आठवला की पोटात गोळा येतो.

नंतर याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया साधारण ०.०५ टक्के अल्कोहोल रक्तात असल्यासारखी मंदावते, आणि फ्रान्समध्ये गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे, लिटरला ०.५ ग्रॅम. २४ तास जागं राहिलं तर हा आकडा ०.१० च्या घरात जातो. म्हणजे बिअरचा एक थेंबही न घेता तुम्ही प्यायलेल्या ड्रायव्हरसारखेच असता, फक्त पोलिसांच्या मशीनमध्ये ते दिसत नाही.

आणि ज्यांना आपण बघायला जातो त्यांना तर हे करायची परवानगीच नाही हो! रेसच्या नियमात स्पष्ट आहे, एका ड्रायव्हरने कुठल्याही ६ तासात ४ तासापेक्षा जास्त चालवायचं नाही आणि एकूण १४ तासापेक्षा जास्त नाही. २०२५ ला जिंकलेल्या ८३ नंबरच्या पिवळ्या फेरारीने ३८७ लॅप मारल्या, त्या कुबित्सा, ये आणि हॅन्सन अशा तिघांनी वाटून, मधे झोपून, खाऊन, मसाज घेऊन. एकट्याने सगळं ओढायचा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. १९५२ ला पिअर लेव्हे या फ्रेंच ड्रायव्हरने जोडीदाराला गाडी न देता जवळपास २३ तास एकट्याने टॅल्बो गाडी चालवली, चांगली मोठी आघाडी होती, आणि तास-सव्वा तास उरला असताना इंजिन गेलं, मर्सिडीज जिंकली. काही म्हणतात इंजिनमध्ये आधीच दोष होता, बरेच जण म्हणतात दमलेल्या हाताने गिअर चुकला. मला दुसरं पटतं, कारण तसा हात मी स्वतः अनुभवलाय.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की परतीचा प्लॅन रेसचं तिकीट काढतानाच करा आणि त्यात रविवारची रात्र झोपेसाठी ठेवा. सोमवारची रजा त्याच दिवशी टाका. बऱ्याच कॅम्पसाईटवर सोमवार सकाळपर्यंत राहता येतं, तेव्हा तंबू मोडायची घाई करू नका. रविवारी बाहेर पडणाऱ्या गर्दीत अडकण्यापेक्षा जेवा, नऊला आडवे व्हा, सकाळी सावकाश निघा. बिअर प्यायला असाल तर हिशोब अजून सोपा आहे, शरीर तासाला रक्ताच्या लिटरमागे साधारण ०.१ ते ०.१५ ग्रॅम एवढंच अल्कोहोल बाहेर टाकतं, कॉफीने नाही की थंड पाण्याच्या आंघोळीने नाही, फक्त वेळ जाऊ द्यावा लागतो. लायसन्स नवीन असेल तर मर्यादा ०.२ आहे, म्हणजे जवळजवळ शून्यच धरा.

रस्ता कुठला घ्यायचा? मला आता कॅलेपेक्षा नॉर्मंडीतल्या कां (Caen) शहराजवळचं विस्त्रआम बंदर आवडतं. ए२८ आणि ए८८ ने दोनेक तासात पोचता, आणि इंग्लंडमधल्या पोर्ट्समथची दिवसाची फेरी बोट साधारण ६ तास घेते, तेवढा वेळ गाडी चालवायचीच नाही, केबिन घेऊन सरळ झोपायचं. कॅलेकडून बोगदा ३५ मिनिटांचा असला तरी त्याच्या आधीचे ४२० किमी तुम्हालाच चालवायचे असतात, वर तिथे फ्रेंच आणि ब्रिटिश दोन्ही पासपोर्ट तपासण्या फ्रान्सच्या बाजूलाच होतात, त्याचा वेळ वेगळा धरावा लागतो.

रेस बघून आल्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय जड होतो हे खरंय, पण फ्रान्समध्ये मोटरवेवर ताशी १३० आणि पावसात ११० किमी ही मर्यादा आहे, ४० पेक्षा जास्तने ओलांडली तर लायसन्स जागच्या जागी काढून घेतात, मग गाडी घरी कोण आणणार. दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबायचंच. झोप येतेय असं वाटलं की खिडकी उघडून आणि गाणी मोठ्याने लावून काही होत नाही, ब्रिटनचा हायवे कोड सांगतो तसं पुढच्या सर्व्हिस एरियात थांबून दोन कप कॉफी घ्या आणि किमान १५ मिनिटं झोपा, कॉफी चढायला तेवढा वेळ लागतोच. गाडी बंद पडली तर चमकदार जॅकेट घालून बॅरिअरच्या पलीकडे जा, नारिंगी एसओएस फोन वापरा, मोटरवेवर बाहेरची टोइंग गाडी बोलावता येत नाही. नॉर्मंडीतल्या ए१३ वरून गेलात तर टोलनाके आता नाहीत, टोल ७२ तासात ऑनलाईन भरायचा, दमलेला माणूस घरी जाऊन हेच विसरतो. आणि २०२५ च्या एप्रिलपासून युरोपातून ब्रिटनमध्ये स्वतःसाठीसुद्धा मांस आणि चीज आणायला मनाई झालीय, ते तिथेच खाऊन संपवा.

एक गोष्ट राहिली. पोर्ट्समथला किंवा बोगद्याच्या इंग्लंडकडच्या टोकाला फोकस्टनला उतरल्यावर पुन्हा डावीकडून चालवायचं असतं आणि पाट्या मैलात असतात. चार दिवस उजवीकडून चालवून डोक्याला ती सवय झालेली असते, पहिला राऊंडअबाऊट तर फारच सांभाळून घ्यावा लागतो. अर्धवट झोपेत हे जमत नाही. झोप झालेली असेल तर पाच मिनिटात हात बसतो.

पुढच्या वेळी पुरवणीत असा लेख छापाल तेव्हा परतीच्या रस्त्यालाही एक चौकट द्या, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, इंग्लंड