साहेब, ससा कोणत्या रकान्यात बसतो?

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : पाळीव सशांवर तातडीचे उपचार मिळण्याची सोय नसल्याबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

रविवारी दुपारी ३ वाजता २ किलो वजनाच्या एका नर सशाने गवताला तोंड लावलं नाही. सोमवारी पहाटे साडेपाचला तो गेला. मधल्या साडेचौदा तासांत एक सरकारी दवाखाना बंद मिळाला, एका खासगी दवाखान्यात ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो’ असं ऐकायला मिळालं आणि तिसऱ्या ठिकाणी एकदाचा केसपेपर निघाला. त्यावर गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा हे सगळे छापलेले होते. शेवटी ‘इतर’ आणि त्यापुढे पेनाने ‘ससा’. औषध म्हणून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं आणि सकाळी आणा म्हणाले.

त्याची याहून जास्त गोष्ट सांगत बसत नाही. तुम्हाला वेळ नसेल आणि मलाही ते जमणार नाही. पण त्या रात्री काय व्हायला हवं होतं ते सांगतो, कारण ते तुमच्या खात्याच्या आवाक्यातलं आहे.

गाईने रवंथ सोडली की खेड्यातला साधा पशुधन पर्यवेक्षकसुद्धा सावध होतो. सशाची लेंडी थांबणं म्हणजे तेच. ससा रवंथ करत नाही. त्याचा कारखाना मागच्या बाजूला, सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत असतो. तिथले जिवाणू गवत आंबवतात, त्यातून मऊ लेंड्यांचा घोस तयार होतो आणि ससा तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. म्हणून त्याचं आतडं कधी थांबून चालत नाही. दुखणं, भीती, उकाडा, कमी पाणी, दाताचं टोक गालात घुसणं, यातलं काहीही झालं की आतड्याची हालचाल मंदावते. आतला लगदा कोरडा पडतो, गॅस धरतो, गॅसने दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे आत गेलेलं वरून बाहेर येण्याची वाटच नाही. याला ससे पाळणारे नुसतं ‘स्टॅसिस’ म्हणतात.

शिकारी प्राण्यांचं भक्ष्य असलेला हा जीव आजार लपवतो. तो ओरडत नाही की लंगडत नाही. कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन, पाठीला बाक काढून, डोळे अर्धे मिटून बसतो. करकर आवाज करत दात खातो, आणि ते लाडाने नसतं. लेंड्या आधी वाटाण्याएवढ्या असतात, मग मिरीएवढ्या होतात, मग केसांत माळलेल्या येतात, मग थांबतात. कान गार पडतात. १२ तास खाणं आणि लेंडी दोन्ही नसतील तर ‘सकाळी बघू’ म्हणण्याची वेळ गेलेली असते.

दवाखान्यात पहिलं काम थर्मामीटरचं. सशाचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०३ फॅरनहाइट. १०० च्या खाली गेलं की आधी ऊब द्यायची, मग बाकी सगळं. कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या तरी चालतं. त्याला वॉर्ड लागत नाही की निधीही लागत नाही. दुसरं काम पोट चाचपण्याचं. मळलेल्या कणकेसारखं लागलं तर स्टॅसिस. ताणलेल्या डग्ग्यासारखं असेल आणि ससा दोन-चार तासांतच निपचित पडला असेल तर बहुधा केसांच्या गोळ्याने आतडं अडलंय. शंका असेल तर कानाच्या शिरेतला एक थेंब रक्त ग्लुकोमीटरवर घ्यावा. साखर ३६० च्या पुढे दिसली तर अडथळ्याचा संशय बळावतो आणि अशा सशाला तोंडाने काहीही भरवायचं नसतं. भरवलं तर जठर फुटू शकतं. ग्लुकोमीटर प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतो, साहेब. तो दवाखान्यात नसतो याला निधी कारण नाही. ससा टेबलावर येईल हे कोणाच्या डोक्यातच नाही, हे कारण आहे.

अडथळा नसेल तर कोमट सलाइन कातडीखाली. रोजची गरज किलोमागे १०० मिलि, म्हणजे २ किलोच्या सशाला २०० मिलि, दोन-तीन हप्त्यांत. मग वेदनाशामक. इथे मोठी गफलत होते. मेलॉक्सिकॅम कुत्र्याच्या मापाने देतात, किलोमागे ०.१ किंवा ०.२ मिलिग्रॅम. सशाला ०.५ ते १ लागतं, तेही शरीरात पाणी भरल्यावर, नाहीतर मूत्रपिंडावर येतं. दुखणं थांबलं नाही तर तो खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर बाकीचं औषध वाया. त्यानंतर भिजवून वाटलेलं गवताचं खाद्य, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, एका वेळी २० ते ३० मिलि, दिवसातून चार-पाच वेळा. समोरून भरवलं तर फुप्फुसात जातं.

आणि ते सिरपमधलं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच घराण्यातलं प्रतिजैविक. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, ही सशाला तोंडाने द्यायची नाहीत. सीकममधले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो, त्याच्या विषाने जुलाब होतात आणि ससा जातो. ही काही कालची बातमी नाही, पाठ्यपुस्तकात छापलेली आहे. गोचिडांसाठी कुत्र्याला मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रेही सशाला चालत नाही. ऑपरेशनआधी ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ हेही नाही, कारण जो प्राणी ओकतच नाही त्याला उपाशी ठेवून फक्त स्टॅसिस ओढवून घ्यायचा. या तीन ओळी एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवायला किती बैठका लागतात? लसीकरणाची पोस्टरं लागतात, तुमचे फोटो लागतात. तिथेच, फोटोच्या खाली, जागा असते.

कोणी म्हणेल, राज्यात लम्पीने गाई मेल्या, शेतकरी अडचणीत आहे आणि याला सशाचं पडलंय. गाईच्या तोंडचं काढून सशाला द्या, असं कोणीही म्हणत नाही. फिरत्या पशुदवाखान्याच्या १९६२ या नंबरवर फोन केला की गोठ्यापर्यंत गाडी यावी, हे चांगलंच आहे. पण मग शहरातल्या माणसाने रविवारी रात्री कोणता नंबर फिरवायचा? परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरला विद्यापीठ आहे, शिरवळला महाविद्यालय आहे. साडेपाच वर्षं शिकून डॉक्टर बाहेर पडतात आणि सशाला हात लावायला घाबरतात. दोष त्यांचा नाही. सशाची मागची हाडं इतकी नाजूक की वेडंवाकडं धरल्यावर त्याने एक लाथ झाडली तरी कणा मोडतो. ज्याला कधी धरायला शिकवलंच नाही, तो घाबरणारच.

गंमत बघा. २०१९ च्या पशुगणनेत ससा मोजला जातो. २०१८ च्या पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर आणि त्यांच्या मागोमाग ससा आहे. केंद्राची राजस्थानात अविकानगरला मेंढ्यांसोबत सशांवरही काम करणारी संस्था आहे. ससेपालनाची प्रशिक्षणं होतात, पुस्तिका निघतात. म्हणजे मोजायला ससा आहे, विकायला आहे, मटणाला आहे, लोकरीला आहे. फक्त आजारी पडायला तो ‘इतर’ आहे. दवाखान्याच्या दारात तर काहींना हा रानातला ससा वाटतो आणि वन खात्याकडे बोट दाखवतात. रानातला तो वेगळा प्राणी, त्याला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. घरातला हा युरोपातून आलेला, माणसाने पाळलेला. निदान कोणाकडे ढकलायचा हे तरी ठरवा.

विक्रीचंही तसंच. आठवडी बाजारात एका पिंजऱ्यात पंधरा-वीस पिल्लं, बहुतेक जेमतेम महिन्याची, कारण लहान दिसली की लवकर खपतात. सहा-आठ आठवडे आईपाशी न राहिलेल्या पिल्लाचं आतडं तयारच नसतं. जुलाब लागून निम्मी पहिल्या पंधरवड्यात जात असतील, हा माझा अंदाज आहे. खोटा ठरवायचा तर आकडे काढा, कारण तुमच्याकडे ते असायला हवेत. विकणारा सांगतो, ‘गाजर घाला, चणे घाला, पाणी देऊ नका, मरतो.’ पाण्याची गोष्ट तर सरळ खोटी आहे, पाण्याविनाच आतडं सुकतं. गाजर म्हणजे मिठाई. पोटभर हवं ते वाळलेलं गवत, ताटातलं ऐंशी टक्के तेच. दूर्वा-हरळी चालते. लसूणघास रोज नको, कॅल्शियम जास्त, मूत्राशयात वाळू धरते. बिस्किटं आणि चपाती तर अजिबात नाही. दात आयुष्यभर वाढतात, ते गवतानेच झिजतात. नोंदणीशिवाय दुकान चालवता येत नाही असा नियम आहे. नियम बघायला कोण येतं? कोणी नाही. मग नियम कशाला केला? अहवालात लिहायला. आपल्याकडे सगळंच असं, आधी रकाना तयार होतो, मग त्यात भरायला माणूस मिळत नाही.

मेल्यावरही तेच. कशाने गेला हे कळायला शवविच्छेदन लागतं. त्यासाठी शव फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही (गोठलं की पेशी फाटतात आणि काही दिसत नाही), आणि २४ तासांच्या आत पोचवायचं. कुठे पोचवायचं ते विचारून बघा. एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे पाठवतं आणि तोवर चोवीस तास उलटतात.

मागणी मोठी नाही. प्रत्येक श्रेणी १ च्या, म्हणजे पदवीधर डॉक्टर असलेल्या सरकारी दवाखान्यात वर सांगितलेला एक कागद. जिल्ह्यात एक डॉक्टर, सशाला हात लावायला शिकलेला, रात्री फोन उचलणारा. केसपेपरवर ‘ससा’ हा शब्द छापील. दुकानातून ससा विकताना खाण्याचा कागद सोबत देण्याची सक्ती. लेखी उत्तर द्यावं. ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे’ हे उत्तर नको, ते माझ्याकडे आधीच तीन विषयांवरचं आहे.

कळावे,
एक करदाता

ता. क. : ससे जोडीने राहतात. एक गेला तर दुसऱ्याला शव तासभर हुंगू द्यावं, नाहीतर तो शोधत राहतो आणि खाणं सोडतो. तेवढं केलं. तरी मादीने आज सकाळी ९ पासून गवत खाल्लेलं नाही. बारा तास रात्री ९ ला भरतात. त्यानंतर तिला कुठे न्यायची, एवढं कळवलंत तरी चालेल.