दादाची नवी गोळी

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. तीन आठवड्यांपूर्वी दादाला कानात येणाऱ्या आवाजांसाठी क्लोझापिन ही नवी गोळी सुरू केली. तुम्हाला न विचारता. सही त्याने स्वतः केली, खाली माझी आहे.

बाबा, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, या गोळीने रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यातून माणसं दगावली होती. पण पेशी इतक्या घटतात त्या शंभरात एखाद्याच्याच, बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांत. म्हणून तर अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग महिन्याला. तिन्ही रिपोर्ट चांगले आलेत. रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं. वजन चौदा किलो वाढलं आणि आवाज होते तिथेच. दोन औषधांनी गुण आला नाही की डॉक्टर हेच देतात. अजून किती थांबायचं होतं? विहिरीवरची ती रात्र... जाऊ दे.

सुरुवात साडेबारा मिलिग्रॅमने, म्हणजे अर्ध्या गोळीने केली, हळूहळू वाढवतायत. आवाज अजून आहेत, खोटं सांगत नाही. जेवतो नीट. रात्री लाळ गळते, म्हणून उशीवर आईचा निळा टॉवेल टाकते. सकाळी तो स्वतःच धुऊन वाळत घालतो.

लहानपणी मला इंजेक्शन देताना दादा माझे डोळे झाकायचा ना? आता दर शनिवारी लॅबमध्ये मी त्याचे झाकते. लाजतो.

दिवाळीत तिकडे येईल तेव्हा ऐका. गोळी चुकवायची नाही. दोन दिवस खंड पडला तर परत अर्ध्यापासून सुरुवात. ताप आला, घसा दुखला तर क्रोसिन देऊन झोपवू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. पोट साफ होतंय का ते रोज विचारा, या औषधात ते साधं दुखणं नाही. आणि बाबा, रागावून त्याच्या बिड्या एकदम बंद करू नका, रक्तात औषध वाढतं. डॉक्टरांना विचारून कमी करू. आई, अंगारा लाव खुशाल, पण गोळी दिल्यावर. तू चुकलीस असं कुणीच म्हणत नाहीये गं.

तांबू व्याली का, विचारत होता. त्यालाच फोन करून सांगा. रात्री नऊच्या आत करा, नंतर पेंगतो.

तुमची,
छकुली