मृदंगाच्या त्या तुकड्याबद्दल

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

प्रिय नंदू,

कसो आसस? घराकडची सगळी बरी आसत मा?

तुझं गाणं मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून हा विषय संपायचा नाही, आणि फोन केला तर तू लोकलमध्ये असतोस, निम्मं ऐकू येत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. घरी गेल्यावर सवडीने वाच.

आधी गाण्याबद्दल. मला ते मनापासून आवडलं. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाता-येता, मोबाइलवर अंगठ्याने ठोके टाकत तू हे जमवलंस, याचा मला फार आनंद आहे. दुसऱ्या कडव्यानंतर सगळं थांबतं आणि मृदंग एकटाच उरतो, तिथे अंगावर काटा आला. त्या जागी बाकीचं काहीच ठेवायचं नाही हे तुला सुचलं, ते फार मोलाचं आहे.

तो तुकडा जत्रेतल्या दशावताराच्या व्हिडिओतला आहे हे तू लिहिलं नसतंस तरी कळलं असतं. मागे जनरेटर घुमतोय, आणि शेवटी एक लहान मूल ‘आये’ म्हणतं. ते मूल काढू नकोस. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत देवळाच्या आवारात रात्र काढणाऱ्या कुणालाही तो एक आवाज पुरेसा आहे.

आता जे खटकलं ते. तू नेहमी म्हणतोस, स्पष्ट सांग. सांगतो.

झांज गेली आहे. म्हणजे ऐकू येते, पण तिची चमक गेली आहे, पाण्याखालून वाजल्यासारखी वाटते. यात तुझ्या कानाचा दोष नाही. ऑनलाइन व्हिडिओचा आवाज आधीच दाबून लहान केलेला असतो. मोठ्या आवाजाखाली जे झाकलं जाईल असं वाटतं, ते टाकून दिलेलं असतं. मृदंगाचा ठोका त्यातून बऱ्यापैकी वाचतो. झांजेचा नाद वरच्या पट्टीत सगळीकडे पसरलेला असतो, त्यामुळे पहिला मार तिलाच बसतो. त्यात तू स्क्रीन रेकॉर्डिंग करून घेतलंस. अँड्रॉइड १० पासून मोबाइलच्या आतला आवाज थेट पकडता येतो हे खरं, पण स्क्रीन रेकॉर्डर तो पुन्हा एकदा दाबतो. दाबलेलं परत दाबलं की झांज राहतेच कुठे?

दुसरं, पेटी. प्रत्येक मोठ्या ठोक्याला ती बुडते आणि ठोका विरला की वर येते. हे ज्याने व्हिडिओ काढला त्याच्या मोबाइलचं काम. मोठा आवाज आला की मोबाइल स्वतःहून पातळी खाली ओढतो, मग हळूहळू सोडतो. इक्वलायझर कितीही फिरवलास तरी हे सुधारणार नाही.

तिसरं मात्र तुझ्या हातातलं आहे. तू तुकडा ताणून गाण्याच्या लयीत बसवलास, त्यामुळे ठोक्यांच्या कडा पुसल्या गेल्या. ताणू नकोस. एकेक ठोका कापून वेगळ्या पॅडवर टाक, तुझ्या कोआला या अ‍ॅपमध्ये पॅड भरपूर आहेत, आणि मग हाताने वाजव. कापताना लहर जिथे शून्य रेषा ओलांडते तिथे काप, नाहीतर सुरुवातीला अगदी बारीक फेड दे, म्हणजे आवाज एकदम न येता चढत येईल. तुझ्या तिसऱ्या ठोक्याला ‘टक्’ असा आवाज येतोय तो त्यानेच जाईल. हे वाजवताना ब्लूटूथचा इअरफोन लावू नकोस. त्याचा आवाज इतका मागे पडतो की आपला हात चुकतोय असं वाटायला लागतं. तारेचा स्वस्तातला घे, तो चालेल.

जनरेटरचा घुमारा काढायचा म्हणून खालचा सगळा पट्टा उडवलास का? तसं वाटतंय, कारण धूम, मृदंगाचा तो खालचा खोल आवाज, पोकळ झाली आहे. वीज ५० हर्ट्झची, म्हणून घुमारा ५०, १००, १५० अशा ठरावीक जागी बसतो. तेवढ्याच अरुंद जागा खाली घे. जनरेटर असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे सरकतो, तो कानाने शोधावा लागेल.

ठोके कापून बसवलेस की अ‍ॅप विचारेल, सगळे रेषेवर आणू का? आणू नकोस. हवं तर तुझी ड्रम मशीन त्या मृदंगाच्या मागे ने. त्या हाताची लय किंचित पुढे झुकते, मग समेला अशी काही थांबते की मला ती ओळखीची वाटत होती. कोणाची ते काल कळलं.

काल संध्याकाळी आमच्या वाडीत भजन होतं. मी पेटीवर. मृदंगाला बापूकाका होते, तुला आठवत असतील, खालच्या वाडीतले, भाताची लावणी आटोपली की चतुर्थीच्या भजनांत आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात वाजवतात. भजन संपल्यावर पडवीत चहा झाला. काका मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, थापलेली कणीक नखाने खरवडून काढत होते. मी सहज तुझं गाणं लावलं. मृदंग एकटा आला तसा काकांचा हात थांबला. परत लाव म्हणाले. परत ऐकल्यावर म्हणाले, “हो हात माझो मरे.”

मी विचारलं, कशावरून? मृदंग तर कोणाचाही असेल. तर म्हणाले, “ह्या पहाटेचा आसा. कणीक सुकलेली.”

तू विचार कर, नंदू. रात्री आडदशावताराच्या, म्हणजे सुरुवातीच्या भागाच्या, वेळी ओली कणीक लावलेली असते तेव्हा धूम खोल जाते. रात्र चढते तशी कणीक सुकते, आवाज चढायला लागतो, मग वादक बोटाने पाणी लावतो किंवा नवीन गोळा चढवतो. त्या रात्री युद्धाचा प्रवेश चालू होता, हात मोकळा होईना, म्हणून काकांनी सुकलेल्या कणकेवरच वाजवलं आणि चढलेला आवाज सांभाळायला डावा हात जरा दाबून धरला. तुला व्हिडिओत जो आवाज वेगळा वाटला, ज्याच्यासाठी तू तोच तुकडा उचललास, तो हा. काकांनी तो कापलेल्या, ताणलेल्या तुकड्यातूनही ओळखला. आणि लगेच पुढे, “पेटी मधीच बुडता कित्याक?” मी मोबाइलचं कारण समजावलं तेव्हा मान हलवली.

रागावले नाहीत. खूश होते, दोनदा ऐकलं. जाताना एवढंच म्हणाले, “नाव घाल म्हणान सांग तेका. आणि मालकांका इचार म्हणान सांग.”

मालक म्हणजे दशावतार मंडळाचे. या दोन वाक्यांसाठीच हे पत्र आहे.

तू लिहिलंयस की सात-आठ सेकंदांचा तुकडा चालतो, असं कोणीतरी तुला सांगितलं. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेच नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तो हक्क बहुतेक वेळा रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे जातो. पण वाजवणाऱ्याचाही वेगळा हक्क आहे, कलम ३८, ५० वर्षांचा. आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला हेही मिळालं की त्याच्या सादरीकरणाला त्याचं नाव लागावं आणि त्याची मोडतोड होऊ नये. काकांनी कायदा वाचलेला नाही, पण नाव घाल म्हणाले ते याच हक्काचं. ठेका कोणाचाच नाही, तो तू खुशाल वाजव, तुझ्या हाताने, तुझ्या मृदंगावर. त्या पहाटेचे ते ठोके मात्र काकांचे आहेत.

कायद्याच्या पलीकडची एक गोष्ट मला जास्त घाबरवते, आणि ती तुझ्या लक्षात आली नसावी. तू गाणं ऑनलाइन वितरकामार्फत सगळीकडे टाकणार आहेस. त्यांच्या अर्जात यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी खूण करायची जागा असते. ही यंत्रणा २००७ पासून आहे: तुझ्या गाण्याचा ठसा घेऊन ठेवते आणि तोच आवाज कुठल्या व्हिडिओत सापडला की तुझ्या नावाने दावा लावते. कोणाचा व्हिडिओ आधीचा, हे ती बघत नाही. तुझ्या गाण्यात मृदंग एकटा, उघडा वाजतो. म्हणजे ठसा जुळायला तेवढी जागा पुरे. उद्या त्या जत्रेच्या मूळ व्हिडिओवरच तुझा दावा लागेल, जाहिरातीचे जे चार पैसे येत असतील ते तुझ्याकडे वळतील, आणि काकांना कोणीतरी सांगेल की तुमच्या वाजवण्यावर डोंबिवलीच्या पोराने हक्क सांगितलाय. तुझ्या मनात असं काही नाही हे मला माहीत आहे. त्यांना ते कसं कळणार? परवानगी मिळाली तरी त्या चौकटीत खूण करू नकोस. ती खूण फक्त ज्यातलं सगळं काही आपलंच आहे अशा गाण्यासाठी असते.

अमेरिकेतल्या विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या १९६९ च्या गाण्यातला ड्रमचा तुकडा तू ऐकलेला आहेस, नाव माहीत नसलं तरी. जेमतेम सात सेकंदांचा. पुढे तो हजारो गाण्यांत कापून वापरला गेला, त्यावर संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये वारला; त्याला त्याची रॉयल्टी कधी मिळालीच नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या दोन डीजेंनी लोकवर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे २४,००० पौंड दिले. सेहेचाळीस वर्षांनी, आणि तेही वर्गणीतून. आपल्या काकांच्या बाबतीत आपण ते आजच करू शकतो, एका फोनवर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जत्रेच्या एका रात्रीचं मानधन काय असतं तुला माहीत आहे.

आणि विचारण्याने गाणंही सुधारेल. व्हिडिओ ज्याने काढला तो मुलगा शिरोड्याचा आहे, मंडळाच्या मालकांकडे त्याचा नंबर असणार. त्याच्याकडे मोबाइलमधली मूळ फाइल असेल तर तिच्यात झांज बरीच शिल्लक असेल, कारण ती एकदाच दाबलेली. फक्त ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नकोस, तिथे परत दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. पेटी बुडते ती तशीच राहील, पण झांज परत मिळेल.

शिवाय काकांना आपण घरी बसवून वाजवून घेऊ. मी विचारलं, हो म्हणाले. पाऊस उघडला तर चतुर्थीच्या आधीच करतो. कौलांवर सर असताना काही उपयोग नाही. आमच्या माजघरात दोन बाजूंना गोधड्या टांगतो. दोन मोबाइल, एक उजव्या, शाईच्या पुडीकडे, एक डाव्या, कणकेच्या पुडीकडे, हातभर अंतरावर, दोन्ही विमान मोडवर, आणि रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे न दाबता. सुरुवातीला एक टाळी वाजवतो, म्हणजे दोन्ही फाइली तुला त्या टाळीवर जुळवता येतील. पातळी आपोआप ओढण्याची सोय बंद करता येईल असं अ‍ॅप मी शोधून ठेवलंय. एकेक बोल सुटा घेतो, मग ठेका वेगवेगळ्या लयीत. ओल्या कणकेवर एकदा, आणि तासाभराने सुकल्यावर एकदा.

पण हे आलं म्हणून व्हिडिओतला तुकडा फेकू नकोस. घरात वाजवलेला मृदंग स्वच्छ येईल, पण त्याच्यामागे देऊळ नसेल, ‘आये’ म्हणणारं मूल नसेल, युद्धाच्या प्रवेशात गुंतलेला हात नसेल. माझं मत असं, की पूर्ण गाण्याला खालून धरायला घरचे ठोके वापर, आणि मृदंग एकटा येतो तिथे मात्र जत्रेचाच तुकडा ठेव, मूळ फाइलमधून, न ताणता. त्या जागी गाण्याने लय बदलून काकांच्या मागे जावं. जमेल तुला.

काही ठरलं की ते लिहून घे. मोठा करार नको. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत चार ओळी: कुठला तुकडा, कुठल्या गाण्यात, नाव कसं येणार, पैसे किती आणि पुढे काही मिळालं तर वाटा किती. काकांचं ‘हो’, मालकांचं ‘हो’ आणि त्या मुलाचं ‘हो’. गाण्याच्या माहितीत ‘मृदंग’ म्हणून काकांचं पूर्ण नाव आणि मंडळाचं नाव. आकडा तू ठरव, पण आधी काकांना विचारून. ते स्वतःहून मागणार नाहीत, म्हणून आपण कमी सांगू नये.

काकांचा आणि मालकांचा नंबर वेगळा पाठवतो. काकांना दुपारी दोनच्या सुमारास फोन कर, सकाळी ते शेतात असतात आणि तिथे रेंज नाही. मालवणीतच बोल. आणि कोणता तुकडा ते सांगण्यापेक्षा फोनवरच वाजवून दाखव.

चतुर्थीला यायचं तिकीट मिळालं का? नसेल तर कळव, पनवेलहून येणाऱ्या कोणाच्या गाडीत जागा आहे का बघतो.

तुझो,
सद्या